बाहुल्यांपुढं ठेवलेली पाटी

"नीट धर. ह्या पेटीत राजा झोपला आहे," अलमेलू अम्मा म्हणाली आणि ट्रंकेचं एक कडं तिनं माझ्याकडे केलं.

मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "अम्मा, हात बघा की माझं. राखेचं हायेत."

"मग धू. धुतला की हात हात होतो. आत्या, तू पण धू."

माझी सासू कोंडाबाई दारातच उकिडवी बसली होती. ती माझी सख्खी आत्या. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणायची, आणि माझं ऐकून अम्माही तेच म्हणायची. "मी न्हाई बाई हात लावीत," आत्या म्हणाली. "फुटलं-बिटलं तर? आन् एवढी थोर बाई बाहुल्या खेळती, ह्ये काय आमच्यात बघितलं न्हाई."

"खेळत नाही. उठवतो," अम्मा म्हणाली. "वर्षभर झोपला ना."

आमचं जंक्शन मोठं होतं. इंजिनं शेडच्या मागं येऊन पोटातली राख टाकून जायची. त्या राखेच्या ढिगातून अर्धा जळलेला कोळसा वेचायचा, चाळायचा आणि टोपल्या भरून रेल्वे कॉलनीत घरोघर विकायचा, हे आम्हां सासू-सुनेचं काम. अम्मा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिचे मालक, शेषाद्री साहेब, शेडचे फोरमन होते. माणसं तमिळ मुलखातली. अम्मा मराठी शिकली ती भाजीवालीकडून आणि आमच्याकडून, आणि तिच्या मराठीत बाप्या-बाई असा भेद नव्हता. सगळ्यांना एकच माप. त्या वर्षी तिची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि अम्माचे गुडघे धरले होते. म्हणून नवरात्राच्या आदल्या दिवशी, बंबाचा कोळसा टाकायला आलेल्या आम्हां दोघींना तिनं बाहुल्या मांडायला घरातच घेतलं. त्यांच्याकडं नवरात्रात घरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात.

ट्रंका, तेलाचे डबे, फळ्या असं एकावर एक रचून आम्ही पायऱ्या केल्या. त्यावर पांढरं धोतर अंथरलं. मग अम्मानं राजाची पेटी उघडली. जुन्या मऊ चिंध्यांत एक जोडी होती, तांबड्या लाकडाची, वीतभर उंच. नाकडोळे झिजून गेलेले. अम्मानं त्यांना बाळंतिणीजवळून मूल उचलावं तसं उचललं, कानाशी काहीतरी बोलली आणि पायरीवर बसवलं. "पहिला राजाराणी. ते बसल्याशिवाय कुणी नाही बसत."

त्यानंतर सगळे निघाले. वर देव. त्याखाली ऋषी, राजे. आणि खालच्या पायऱ्यांवर माणसं: ढेरपोट्या वाणी आणि त्याची बायको, त्यांच्यापुढं खऱ्या तांदळाच्या, खऱ्या डाळीच्या चिमुकल्या राशी. लग्नाची वरात, वाजंत्री, जात्यावर दळणारी बाई, गारुडी, उभ्या उभ्या पेंगणारा पहारेकरी. दिवस कलला तेव्हा अम्मानं समई लावली. ज्योत हलली आणि सगळ्यांचे चेहरे हलले.

मी देवळं पाहिली होती. तिथं देव आत एकटा आणि आम्ही बाहेर गर्दीत. इथं सगळं जग आपापल्या जागी बसून माझ्याकडं बघत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आत्यासुद्धा दारातून उठून आत आली. बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "का हो अम्मा, ह्या वाण्याची बायकू वाण्यापरीस मोठी का?"

"खरा पण असाच असतो," अम्मा म्हणाली.

वरून दुसऱ्या पायरीवर सरस्वती होती. पांढरी, मांडीवर वीणा, एका हातात बोटाएवढी पोथी. पोथीवर बारीक काळ्या रेघा.

"अम्मा, हितं काय लिवलंय?"

"ते ती वाचतो. आपण नाही."

 त्या रेघांवरून माझी नजर हटेना, कारण तसल्या रेघा माझ्याही घरात होत्या. चुलीमागच्या कोनाड्यात, फडक्यात गुंडाळलेल्या.

पावसाच्या सुरुवातीला राखेत मला एक दगडी पाटी सापडली होती. कॉलनीतल्या शाळेची पोरं नको ते सगळं आमच्या ढिगावरच फेकायची. पाटीचा एक कोपरा फुटलेला आणि त्याच्यावर चौकटीला पत्रा ठोकलेला. तिच्यावर खिळ्यानं एक ओळ कोरलेली होती. पेन्सिलीनं लिहिलेलं असतं तर राखेत पुसून गेलं असतं. हे कोरलेलं होतं, म्हणून टिकलं. मला वाटलं, इतकं जपून कोरलं म्हणजे काहीतरी मोठं असणार. देवाचं नाव असेल, मंत्र असेल. दुपारी आत्या बोरीखाली आडवी झाली की मी तळहातानं राख सपाट करायची आणि बोटानं ती ओळ काढायची. हातानं पुसायची, पुन्हा काढायची. नवरात्र येईतो मी ती न बघता काढायला लागले होते. काय काढते हे मात्र ठाऊक नव्हतं.

विचारणार कुणाला? कॉलनीत गार्डसाहेबांची बायको होती, देवस्थळीबाई. सगळे तिला गार्डीणबाई म्हणत. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ती दुपारी बायकांचा वर्ग घ्यायची. एकदा कोळसा मापताना मी धीर करून विचारलं होतं, "बाई, मी येऊ का शिकायला?" तेव्हा माझी तिशी उलटलेली. ती हसली. मनानं वाईट नव्हती, पण हसणं हा तिचा स्वभावच. म्हणाली, "अगं ठकू, वर्ग रेल्वेच्या बायकांचा. तू येऊन बसलीस तर माझ्या पांढऱ्या चादरीची काय गत होईल?" ओट्यावरच्या बायका हसल्या. मीही हसले. टोपली डोक्यावर घेतली आणि निघाले. पण ते आत कुठंतरी रुतून बसलं. मला त्या चादरीवर बसायचं होतं, आणि ते मी कुणालाच, आत्यालाही, सांगू शकत नव्हते.

नवमीला अम्मानं निरोप धाडला. ज्यांनी बाहुल्यांचं काम केलं त्यांनी आपापली हत्यारं आणायची, सरस्वतीपुढं ठेवायची. आम्ही गेलो तेव्हा खालच्या पायरीपुढं साहेबांची जाड पुस्तकं आणि पेन होतं, अम्माची गाण्याची वही होती, कात्री, उलथनं, धोब्याची इस्त्रीसुद्धा होती. आत्यानं राखेची चाळणी घासूनपुसून आणली होती. ती तिनं नव्या नवरीसारखी हळूच ठेवली.

"आणि तू काय ठेवतो, ठकू?"

मी पदराखालून पाटी काढली.

खरं सांगते, माझ्या डोक्यात एक साधा हिशेब होता. दुधात विरजण घालून ठेवलं की सकाळी दही होतं. मग एवढी देवी, हातात पोथी घेतलेली, तिच्या पायाशी माझी पाटी रात्रभर राहिली तर सकाळी ती मला उमगणार नाही का?

"आगं, ह्ये काय?" आत्या म्हणाली. "ही कुणाची?"

"माझी."

"तुझी? तुला काय करायची?"

अम्मानं पाटी हातात घेतली. पदरानं तिची कड पुसली, कोरलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. अम्मा शिकलेली होती, पण तिच्या भाषेत. आपली अक्षरं तिला येत नव्हती. तरी तिनं पाटी दोन्ही डोळ्यांना लावली. गंध लावलं, कुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं. आणि साहेबांच्या पुस्तकांपेक्षा वर, पायरीवर, थेट सरस्वतीच्या पायाशी ती ठेवली.

"अक्षर आहे," ती म्हणाली. "अक्षर वर."

मग तिनं पुढचं सांगितलं. "आज कुणी वाचायचा नाही, लिहायचा नाही, हत्यार चालवायचा नाही. आज सगळा तिचा. उद्या सकाळी कॉलनीतल्या बायका येईल. जो जे ठेवला ते उचलणार आणि सगळ्यांपुढे थोडा काम करणार. आत्या चाळेल. तू लिहील, आणि वाचील."

मी पाटीकडं हात नेला. "अम्मा, मी... ती पाटी परत घेते. चाळणी हाय की आमची."

"ठेवला ना? आता तिचा झाला. सकाळशिवाय नाही मिळत."

 वाटेत आत्या एकदम म्हणाली, "तरीच. दुपारच्याला राखेत मुंडी खुपसून काय करती म्हणून मी बघायची. तुला लिवाय येतं?"

"काढता येतं."

"आन् वाचाय?"

"न्हाई."

"मग उद्या त्या गार्डीणबाईच्या म्होरं काय, कपाळ वाचणार? जाऊच नको. ताप आला म्हणून सांगते मी."

"सांगू नका. मी जाणार."

"का म्हणून?"

"पाटी हाय तिथं माझी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

दसऱ्याला सकाळी अम्माच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका नटूनथटून बसल्या होत्या. देवस्थळीबाई पुढंच, अंबाड्यात गजरा माळून. अम्मानं आधी आपली वही उचलली आणि एक ओळ गायली. धोब्यानं थंड इस्त्री एका रुमालावरून फिरवली आणि प्रसाद घेऊन गेला. आत्यानं कागदावर मूठभर राख घेतली आणि अशी मन लावून चाळली, की कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसा," आत्या चाळणी न थांबवता म्हणाली. "बंब कशावर तापतो तुमचा?"

मग माझी पाळी. अम्मानं माझ्यापुढं तांदूळ पसरलेलं ताट ठेवलं. पाटी सरस्वतीपाशीच होती, पण मला ती बघायची गरज नव्हती. मी डोळे अर्धे मिटले आणि बोट तांदळात घातलं. तांदूळ राखेसारखा नसतो. तो निसटतो, पुन्हा बुजतो. मी हळूहळू सगळी ओळ काढली. 

"वाच," अम्मा म्हणाली.

"येत न्हाई, अम्मा."

"लिहिला तू."

"लिवलं. पण काय लिवलं त्ये ठाऊक न्हाई."

मागं खसखस पिकली. देवस्थळीबाई पुढं सरकली. "थांबा, थांबा, मी वाचते. अक्षर तर सुरेख आहे हो बाईचं!" ती ताटावर वाकली. "ग... गणू..." आणि थांबली. मग खालच्या आवाजात, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखी म्हणाली, "गणू गाढव आहे."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग हसण्याचा असा लोंढा आला की समईची ज्योत थरथरली. गणू हा देवस्थळीबाईचाच मुलगा. तिसरीत होता. बाई उठली, सरस्वतीपाशी गेली आणि पाटी उचलून उलटीसुलटी बघायला लागली.

"अगं बाई! ही तर आमचीच पाटी! हरवली म्हणून मेला रडत घरी आला होता. हा पत्रा मी माझ्या हातानं ठोकलाय. कुणी कोरलं हे?"

"ज्याला ठाऊक होतं त्यानं," आत्या म्हणाली.

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी मात्र जागच्या जागी मेले होते. इतके दिवस जे मी राखेत गिरवलं, ज्याला मनातल्या मनात हात जोडले, ज्याला गंधफूल वाहिलं, ते हे? मी उठले. दाराकडं वळले.

"बस," अम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिला विनोदच कळला नव्हता. "मला सांगा. गाढव म्हणजे काय?"

एकीनं डोक्यावर दोन हात कानांसारखे उभे केले. दुसरी ओरडून दाखवायला लागली.

"ओ! कळुदै!" अम्मा म्हणाली. मग ती ताटाकडं बघत राहिली. बघत राहिली. "इथे तांदूळ होता," ती म्हणाली. "ठकूने बोट फिरवला. आणि आता गाढव आला. तुम्ही बघितला ना सगळ्यांनी? कान बघितला? शेपटी?"

हसणं कमी कमी होत गेलं.

"मग कुठून आला तो?"

बायका ताटावर वाकल्या.

आणि मला ते दिसलं. खरंच होतं. त्या खोलीत, बाहुल्या आणि बायकांच्या मधोमध, एक राखाडी गाढव उभं होतं. प्रत्येकीनं ते पाहिलं होतं, म्हणून तर हसल्या. ते मी आणलं होतं, माझ्या ह्या बोटानं. मला ठाऊकही नव्हतं, तरी ते आलं होतं. पहिल्या दिवशी समई लावल्यावर काटा आला होता तो काहीच नव्हे.  मी मटकन खाली बसले.

ताट माझ्यापुढंच होतं. मी त्या ओळीकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच ती मला सबंध न दिसता तुटक दिसली. वरातीतली माणसं वेगवेगळी दिसावीत तशी.

"बाई," मी देवस्थळीबाईला म्हणाले, "हा पयला, आन् हा इथला. दोन्ही एकच हायेत ना? दुसऱ्याच्या हातात काठी हाय तेवढीच."

ती पाटी हातात धरून तशीच वाकली. "हो," ती म्हणाली. "हा ग. आणि काठी दिली की गा. गणूतला ग, गाढवातला गा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. दिसलं."

अम्मा भिंतीला धरून, गुडघे कुरकुरवत माझ्यासमोर खाली बसली. तिनं हातानं तांदूळ सपाट केले. त्यांच्याकडं ह्या दिवशी लहान मुलाला पहिलं अक्षर काढायला लावतात. मोठं माणूस त्याचं बोट धरतं. हे तिनं मला आधी सांगितलं होतं. आता तिनं आपलं बोट माझ्यापुढं केलं.

"मला हा अक्षर येत नाही. इतका वर्ष इथे राहिला. दुकानावर बघतो, स्टेशनवर बघतो, काही नाही कळत. शिकव."

"मी?"

"तू. ज्याला येतो तो शिकवतो."

मी तिचं बोट धरलं. हळदीनं पिवळं झालेलं, मऊ बोट, आणि त्याच्याभोवती माझी काळ्या नखांची मूठ. आम्ही ग काढला. देवस्थळीबाई कळवळून म्हणाली, "अम्मा, अहो निदान नाव तरी बदला! दुसरं काहीतरी लिहा, श्री लिहा, राम लिहा!"

"रात्रभर देवीपाशी राहिला हा ओळ," अम्मा मान वर न करता म्हणाली. "पूजा झाला. आता कसा बदलणार? दरवर्षी हाच लिहिणार आम्ही."

"दरवर्षी?"

"ठकूला हाच येतो. काय करणार?"

अम्मानं हे भोळेपणानं म्हटलं की ठरवून, ते मला आजवर कळलेलं नाही. देवस्थळीबाई कपाळाला हात लावून बसली. ताटात आमचं गाढव पुरं झालं, पुढचं 'आहे'ही पुरं झालं. मग ती माझ्याकडं वळली आणि दम भरल्यासारखी म्हणाली, "ठकू, उद्या दुपारी हॉलमध्ये ये. दुसरी ओळ शिकवते. चार शिकवते, दहा शिकवते. पण ही विसरायची. कबूल?"

"चादर काळी हुईल, बाई."

"होऊ दे मेली! पोराचं नाव काळं होण्यापेक्षा बरी."

पुन्हा हशा झाला. ह्या खेपेला मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. अम्मानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि सगळ्यांदेखत, ती साहेबाची बायको आणि मी राखेतली बाई, तिनं मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी तिचे हात धरायला गेले तर म्हणाली, "तुला नाही. गुरूला."

आम्ही घरी निघालो. आत्याच्या हातात द्रोणभर खोबरं घातलेले उकडलेले हरभरे होते, पण ती खात नव्हती. फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, म्हणून आम्ही थांबलो. फाटकाशेजारी खांबावर एक लोखंडी बोर्ड होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज त्याच्याजवळून जायची, त्याच्या सावलीत टोपली टेकायची. त्यावर अक्षरांची दाटी होती, मुंग्यांसारखी. आणि त्या दाटीत, हातात काठी घेऊन, तो उभा होता.

मी आत्याचा दंड घट्ट धरला.

"काय गं? साप?"

"गा हाय तिथं."

"काय हाय?"

"तिथं, आत्या. त्या बोर्डावर. मधी. गाढवातला गा."

आत्यानं बोर्डाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिवी हासडणार. तेवढ्यात मालगाडी आली, जमीन हादरायला लागली. एकामागून एक डबे आमच्यासमोरून जात होते, आणि त्यांच्या काळ्या अंगावर पांढऱ्या रंगानं काही ना काही लिहिलेलं होतं. आत्या माझ्या कानाशी तोंड आणून, त्या खडखडाटातून हळूच म्हणाली, "आजून कुठं हाय का गं? बघ की."